तंतूचा पन्नासावा भाग

खुर्ची खिडकीकडे वळवून बसा. पाय जमिनीला टेकलेले असू द्यात. सकाळचे साडेसात वाजलेत, यवतमाळचं ऊन अजून तिरपं आहे, आणि पुढचा अर्धा तास एका काचेकडे बघण्यापलीकडे आपल्याला काही काम नाही. माझ्या हातात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काचपट्टी आहे. आम्ही तिला स्लाइडच म्हणतो. तुमच्याकडे ती नसेल. हरकत नाही, माझ्या खांद्यावरून बघा.

पट्टी कडेला धरायची, दोन बोटांत, जुना फोटो धरावा तशी. मधे हात लावायचा नाही. मी इथल्या एका कॉलेजात नवा नवा लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेतल्या मामांनी मला अडवलं होतं. "हात नका लावू जी सर, बोटाचं तेल लागते." मी पदव्युत्तर पदवी घेऊन आलो होतो, ते दहावीपर्यंत शिकलेले; पण काचेच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं. बोटाचा ठसा जिथे उमटतो तिथे थर धरत नाही. धरलाच तर महिन्याभरात पापुद्रा सुटतो, आणि तेव्हा ते बोट कुणाचं होतं हे सगळ्यांना कळतं.

मामांची काच धुण्याची रीत सांगतो, कारण मनन तिथूनच सुरू होतं. आधी साबणाचं पाणी, मग आम्ल, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी ॲसिटोन. मधेच ते पट्टी उभी धरून तिच्यावर पाणी सोडत आणि डोळे बारीक करून बघत. काच मळकी असेल तर पाणी फुटतं, थेंब होतात, वाटा पडतात. स्वच्छ असेल तर पाणी अख्खं पसरतं आणि एकच चादर होऊन खाली सरकतं. तुम्हीही बघा. चादर कुठे फाटते का? फाटली तर पुन्हा पहिल्यापासून. आमचं विद्यापीठ अमरावतीचं, 1983 साली स्थापन झालेलं, आणि त्याला नाव गाडगेबाबांचं आहे. हातात खराटा घेऊन गावोगाव झाडत गेलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला असताना आमच्या प्रयोगाची पहिली पायरी धुणं असावी, याची मला अजून गंमत वाटते.

आता काच कलती करा.

ऊन तिच्यावरून परत येऊ द्या. रंग दिसले? मधे निळसर, त्याच्याभोवती लालसर, मग हिरवट, आणि कडेला साधी काच. मोराच्या पिसातल्या डोळ्याची आठवण होते. या काचेला रंग मात्र कुणी दिलेला नाही. तिच्यावर टिन ऑक्साइडचा, म्हणजे कथिलाच्या ऑक्साइडचा, थर आहे. काच साधारण 450 अंश सेल्सिअसला तापलेल्या पाटावर ठेवायची, टिन क्लोराइडचं द्रावण दाबाच्या हवेनं धुक्यासारखं तिच्यावर सोडायचं. धुकं काचेला टेकतं न टेकतं तोच द्रव उडून जातो, क्लोरीन आम्लाची वाफ होऊन निघून जातो आणि कथील ऑक्सिजनला धरून काचेवर बसतं. फवाऱ्याच्या बरोबर खाली जास्त, कडेला कमी. म्हणून वर्तुळं.

थर किती जाड आहे? मधोमध साधारण 300 नॅनोमीटर. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. तुम्ही यवतमाळचे असाल तर कापसाचा पेळू बोटांत घेतला असेलच. त्यातला एकच तंतू वेगळा काढा, उजेडात धरा. तो साधारण 15 मायक्रोमीटर जाड असतो. आमचा थर त्याचा पन्नासावा भाग. एका तंतूच्या जाडीत असे 50 थर एकावर एक मावतील. वजनाचं बघायचं तर दहा चौरस सेंटिमीटर काचेवर असा थर दिला की काच दोन मिलिग्रॅमच्या आसपास जड होते. तिळाचा एक दाणा याहून भारी असतो.

रंग येतो तो याच पातळपणातून. उजेडाचा थोडा भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, थोडा आत शिरून खालच्या काचेवरून परततो. मागून आलेल्याला उशीर झालेला असतो. दोघं बाहेर भेटतात तेव्हा ज्या रंगाच्या लाटांची पावलं जुळतात तो रंग उठून दिसतो, ज्यांची जुळत नाहीत तो मावळतो. समोरून बघितलं तर या थरात 200 नॅनोमीटरला हिरवा उठतो, 250 ला लाल, 300 ला निळा. पन्नास नॅनोमीटरचा फरक डोळ्याला कळतो! मीटर नाही, यंत्र नाही, नुसती नजर. आता काच आणखी थोडी कलती करा, सावकाश. रंग सरकतील, जागेवर राहणार नाहीत.

हा हिशेब आपल्याकडच्या लोहारांना शाळेत न जाता ठाऊक होता. वखराची पास किंवा विळा तापवून, पाणी पाजून झालं की अवजार पुन्हा हलकेच गरम करतात. घासून चकचकीत केलेल्या धारेवर आधी फिका पिवळा चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. लोखंडावरचा ऑक्साइडचा थर गरमीनं जाड होत चालला आहे आणि जाडीप्रमाणे रंग बदलतो आहे, इतकंच. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक, निळ्यावर गेलं तर चिवट पण मऊ. लोहाराची मान वाकलेली, भाता थांबलेला, आणि तो एका रंगाची वाट बघतोय. धातूच्या ऑक्साइडच्या पातळ थराचं इतकं एकाग्र मनन मी कुठल्याच चर्चासत्रात पाहिलेलं नाही.

काच आता सरळ डोळ्यांसमोर धरा आणि तिच्यातून बाहेर बघा.

कडुनिंब दिसतो, समोरच्या घराची गच्ची दिसते, वाळत घातलेली चादर दिसते. थर आहे हे विसरायलाच होतं. इथे एक साधा प्रश्न विचारून बघा: कथिलासारखा धातू, त्याचा थर, आणि आरपार कसा दिसतो? तुळशीवृंदावनाचा गेरूही ऑक्साइडच, लोखंडाचा. तो का नाही आरपार?

प्रत्येक पदार्थाला एक उंबरठा असतो. पुस्तकात त्याला बँड गॅप म्हणतात. उजेडाच्या कणाकडे उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा असली तर पदार्थ त्याला गिळतो, नसली तर तो कण काही न घडता पलीकडे जातो. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाची ऊर्जा लाल टोकाला सुमारे 1.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट, जांभळ्या टोकाला 3.1. टिन ऑक्साइडचा उंबरठा 3.6, झिंक ऑक्साइडचा 3.3. दिसणारा एकही रंग तिथे चढू शकत नाही, सगळे आरपार जातात. अडतो तो फक्त अतिनील. गेरूचा उंबरठा 2.1 च्या आसपास. म्हणजे निळा, हिरवा आत गिळले जातात आणि तांबूस तेवढा सुटून परत येतो. कॉपर ऑक्साइडचा त्याहून खाली, म्हणून तो काळाच. वृंदावनाचा गेरू, उन्हात पोळलेल्या अंगाला लावायचं कॅलामाइन (त्यात झिंक ऑक्साइड, आणि गुलाबी छटा लोखंडाच्या ऑक्साइडची), माझ्या हातातली काच: तिघांत फरक उंबरठ्याच्या उंचीचा.

हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी मुलं आलेख काढून 3.2 की 3.3 एवढंच वहीत उतरवतात. आकडा बरोबर असतो. पण आलेख काढण्याआधी काचेतून एकदा बाहेर बघितलं का, असं विचारलं की वर्ग गप्प.

असो. आता विजेकडे.

मल्टिमीटरची दोन टोकं थरावर हलकेच टेकवा. काचेच्या कोऱ्या बाजूला टेकवली तर मीटर काही सांगत नाही. काच वीज नेत नाही. या बाजूला मात्र आकडा येतो, काही दशक ओहमचा. डोळ्यांनी जे नाही असं वाटलं ते मीटरला आहे असं दिसतं. इथे थोडं बसू या, कारण हे विचित्र आहे. वीज नेतो तो तांब्यासारखा धातू, आणि तांब्यातून आरपार दिसत नाही. आरपार दिसते ती काच, आणि ती वीज नेत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी कसं? कार्ल बेडेकर नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला (प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं काढणाऱ्या प्रसिद्ध बेडेकर घराण्यातलाच हा, आपल्या बेडेकरांशी संबंध नाही) 1907 साली कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवल्यावर हेच दिसलं होतं: थर आरपार झाला आणि तरी वीज नेत राहिला.

उत्तर थराच्या आत आहे. मनानं आत उतरा. कथिलाचे अणू, ऑक्सिजनचे अणू, रांगा, ठरलेल्या जागा. एका कथिलामागे दोन ऑक्सिजन. हे सगळं बिनचूक जमलं असतं तर प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठे ना कुठे बांधलेला राहिला असता, आणि मीटर इथेही गप्प बसला असता. पण धुक्यातून घाईनं बसलेल्या थरात सगळं बिनचूक जमत नाही. कुठे तरी ऑक्सिजनची जागा रिकामी राहते. तो असता तर त्यानं दोन इलेक्ट्रॉन धरून ठेवले असते. तो नाही, म्हणून ते मोकळे. जे उणं राहिलं त्यामुळे वीज वाहते.

मला ठाऊक आहे, इथे एक सुभाषित जिभेवर येतं. ते गिळा. पुढचं ऐका, मग बघू.

रिकाम्या जागांवर विसंबून थर चांगला वाहत नाही. त्या कमी-जास्त होतात, तापवलं की भरतात. म्हणून फवाऱ्याच्या द्रावणात अमोनियम फ्लोराइड घालतात. फ्लोराइड आयन आकारानं ऑक्सिजनच्या आयनाएवढाच, 133 पिकोमीटर विरुद्ध 140. तो ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसतो आणि रांगेला पत्ता लागत नाही. फक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी लागतो. तो एक उरतो आणि फिरत सुटतो. शंभरेक कथिलामागे असा एखाद-दुसरा मोकळा इलेक्ट्रॉन झाला की काच वीज नेऊ लागते. तांब्यात मात्र प्रत्येक अणूमागे एक मोकळा असतो. एवढी गर्दी उजेडाला वाटच देत नाही, परतवून लावते. आपल्या थरातले थोडेच असल्यामुळे दिसणाऱ्या उजेडाच्या वेगानं थरथरणाऱ्या लाटांशी त्यांना पाय जुळवता येत नाहीत, तो निघून जातो. उष्णतेच्या लांब, संथ लाटांना मात्र ते गाठतात आणि परत फिरवतात. यवतमाळच्या मे महिन्यात या शेवटच्या वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि आता खिडकीतून दक्षिणेला बघा, मनानं. पांढरकवडा, झरी जामणी. तिथल्या कितीतरी बोअरवेलच्या पाण्यात हाच फ्लोराइड आहे. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातल्या फ्लोराइडवरचा अभ्यास 2007 साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड, असं भारतीय मानक सांगतं. लहान मुलांचे दात घडत असतात तेव्हा हा आयन दाताच्या खनिजात शिरतो आणि हायड्रॉक्सिलच्या जागेवर बसतो. तीच युक्ती, तोच आकाराचा सारखेपणा, रांगेला पत्ता न लागू देता. थोडा असेल तर दात किडीला दाद देत नाही. जास्त झाला की दातावर खडूसारखे पांढरे डाग, मग पिवळे, मग तपकिरी. आणि वर्षानुवर्षं प्यायला तर हाडंही ताठरतात. माझ्या वर्गात त्या भागातली मुलं असतात. हसताना ती तोंडावर हात धरतात. फळ्यावर "फ्लोराइड ऑक्सिजनची जागा घेतो" असं लिहिताना मी त्यांच्याकडे बघत नाही, आणि बघायला हवं हेही मला कळतं. एका वर्षी एका मुलीनंच विचारलं, "सर, हा आमच्या विहिरीतलाच का जी?" मी म्हणालो, हो, तोच. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

म्हणून म्हटलं, सुभाषित गिळा. आयनाला चांगलं-वाईट नसतं. त्याला जागा आणि मात्रा असते.

पहिली काच बाजूला ठेवा. दुसरी घ्या. ही तितकी देखणी नाही. दुधट आहे, रंग जवळजवळ नाहीतच. हिच्यावर झिंक ऑक्साइड, आणि तेही फवाऱ्यानं न देता बुडवून-बुडवून चढवलेलं. जस्ताच्या मिठाच्या पाण्यात अमोनियाचे थेंब सोडले की आधी दूध होतं. सोडत राहिलं की दूध पुन्हा निवळतं. जस्ताला अमोनियानं कवेत घेतलेलं असतं. एका बीकरात हे पाणी, दुसऱ्यात उकळीच्या जवळ आलेलं साधं पाणी. काच पहिल्यात, वीस सेकंद. मग दुसऱ्यात, वीस सेकंद. मग खळबळून धुवायची. पुन्हा पहिल्यात. गरम पाण्यात अमोनियाची मिठी सुटते आणि काचेला चिकटलेला जस्ताचा पापुद्रा तिथेच ऑक्साइड होतो. एका बुडीत काही नॅनोमीटर. फ्रान्समधल्या निकोलाऊ यांनी ही रीत 1985 साली मांडली, पण तिला आपल्याकडे घर मिळालं ते कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील यांच्या प्रयोगशाळांनी बुडवण्याच्या आणि फवाऱ्याच्या पद्धतींवर आयुष्यं घातली. पाटलांचा फवारा पद्धतीवरचा 1999 चा आढावा जगभर वाचला गेला. निर्वात पंपांचं महागडं यंत्र नसलं तरी दोन बीकर, तापमापक आणि चिकाटी यांवर थर तयार होतो, हे त्यांच्याकडून शिकलेली मुलं महाराष्ट्रभरच्या कॉलेजांत पसरली. आमच्यासारख्या ठिकाणी भौतिकशास्त्राचं संशोधन होतं त्यामागे ही गोष्ट आहे. स्वस्त रीत म्हणून तिला नाक मुरडणारे मला भेटलेत. त्यांनी साठ बुड्या एका बैठकीत मारून दाखवाव्यात.

साठ बुड्या म्हणजे तास-सव्वा तास. गणती चुकू नये म्हणून मामा दोन वाट्या ठेवत, एकीत सरकीचे साठ दाणे. एक बुडी, एक दाणा इकडून तिकडे. कुणी बोलायचं नाही. एका उन्हाळ्यात त्रेचाळिसाव्या दाण्याला वीज गेली, गरम पाणी कोमट झालं आणि मी तरीही हट्टानं बुडवत राहिलो. सकाळी बघतो तर वरचा थर खडूच्या भुकटीसारखा, बोट लावलं की पुसला जाणारा. ऑक्साइड व्हायच्या ऐवजी जस्ताचा हायड्रॉक्साइड बसत गेला होता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी काच धुतली, सरकी पहिल्या वाटीत ओतली, आणि चहा आणायला गेले.

या काचेच्या दोन कडांना चांदीच्या लेपाचे ठिपके आहेत, त्यांना तारा, तारांना मीटर. आकडा बघा: 8.4 मेगाओहम. पहिल्या काचेच्या मानानं हा थर जवळजवळ मुकाच. त्याचं कारण बाहेर आहे, या खोलीतल्या हवेत. थर बारीक दाण्यांचा आहे, आणि हवेतला ऑक्सिजन प्रत्येक दाण्याच्या अंगावर बसून आतला मोकळा इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी 1962 साली हाच गुण पकडून गॅसगळती ओळखायचं साधन केलं. तापलेल्या टिन ऑक्साइडजवळ जळणारा गॅस आला की तो ऑक्सिजनला घेऊन जातो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध धाडकन उतरतो, घंटा वाजते. स्वयंपाकघरातल्या गॅस अलार्ममध्ये आजही बहुधा तोच ऑक्साइड असतो.

आपल्याला घंटा वाजवायची नाही. काच तोंडापासून एक वीत दूर धरा. श्वास आत घ्या. आता तोंड किंचित उघडं ठेवून सावकाश सोडा, आरशावर वाफ धरतो तसा.

आकडा उतरतोय. 7.1. 5.6. 4.9. तुमच्या श्वासातला ओलावा दाण्यांवर बसला, ऑक्सिजनची पकड ढिली झाली, आणि त्या ओल्या पापुद्र्यातूनही थोडी वीज सरकू लागली. तुमच्या छातीतली हवा जस्ताच्या ऑक्साइडच्या एका पातळ थरावर आकड्यांत लिहिली जाते आहे. आता श्वास नेहमीसारखा, नाकानं. काचेकडे नको, मीटरकडे बघत राहा.

5.2. थोडं थांबून 5.9. ओल उडते आहे, ऑक्सिजन परत येऊन आपापल्या जागी बसतो आहे. उतरायला दोन क्षण लागले, चढायला वेळ लागेल. खिडकीबाहेर चादर वाळलीय. 7.3. मधेच एक पाऊल मागे, 7.2, मग पुन्हा वर. पुन्हा श्वास सोडायचा असेल तर आधी त्याला 8.4 पर्यंत येऊ द्या.